अंतराळातून परतलेला पहिला मानव

यूरी गागारिन यांचा जन्म ९ मार्च १९३४ रोजी रशियातील क्लूशिनो या खेड्यात झाला. वडील सुतारकाम करीत. यूरी सात वर्षांचा असता जर्मन फौजा गावात शिरल्या आणि त्यांनी त्याचे घर बळकावले. सारे कुटुंब दीड वर्षाहून अधिक काळ जमिनीत खणलेल्या खोपटात राहिले. पुढे व्होल्गाकाठच्या सारातोव्ह नगरात तो ओतकामाचे शिक्षण घेऊ लागला व तेथेच प्रथम विमान चालवावयास शिकला.

१२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन 'व्होस्तोक' यानातून पृथ्वीभोवती फिरून आले. वर जाणे कठीण खरेच. पण सुखरूप खाली येणे त्याहून अवघड! तासाला सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने यान हवेत शिरले की पुढची हवा दाबली जाऊन धगधगते. माकुणसारकडच्या खाड्यांत चपटी खापरी तिरपी भिरकावली, तर ती पाण्यावरून उड्या घेत जाते. उभी टाकली, तर तेथेच बुडते. यानाचा हवेत शिरण्याचा कोनही असाच जपून साधावा लागतो.

गागारिन बसले होते तो भाग म्हणजे सुमारे २.३ मीटर व्यासाचा एक गोल होता. त्याला ना पंख, ना सुकाणू. सूर्याचा वेध घेऊन यंत्रे यानाचा रोख ठरवीत. मग गतीच्या विरुद्ध इंजिन पेटून वेग कमी होई. पुढे गोल आपोआप खाली येई. त्याची एक बाजू मुद्दाम जड केली होती. बुडाशी शिसे घातलेली बाहुली कलंडली तरी पुन्हा उभी राहते, त्याप्रमाणे हवेत शिरल्यावर ती जड बाजू आपसूक पुढे येई.

त्या दिवशी मात्र इंजिन थांबताच यान गरगरा फिरू लागले, आणि यंत्रांचा भाग गोलापासून सुटेना. गागारिन डगमगले नाहीत. आपण मायदेशाच्या हद्दीतच उतरू, असा त्यांनी मनाशी हिशेब केला आणि सर्व ठीक असल्याची खूण पाठविली. सुमारे दहा मिनिटांनी तो भाग सुटला. खिडकीबाहेर ज्वाळा दिसू लागल्या; शरीराचा भार आठपटीहून अधिक वाढला. गोल जमिनीवर फार जोराने आदळणार होता, म्हणून सात किलोमीटर उंचीवर ते आसनासह बाहेर फेकले गेले व हवाई छत्रीने उतरले. उतरले तेही सारातोव्हच्याच परिसरात! नारिंगी पोशाखातील तो पाहुणा पाहून शेतातील एक आजी व तिची नात घाबरून गेल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस गागारिन भारतात आले व मुंबईलाही त्यांनी भेट दिली.

पुढे 'सोयूझ' यान तयार झाले. त्याची कुपी घंटेच्या आकाराची असून तिचे वजन किंचित एका अंगाला असते. त्यामुळे हवा तिला थोडी उचलून धरते, आणि कुपी कुशीवर वळवून उतरण्याची वाट बदलता येते. १९६७ मधील पहिल्या सोयूझ-उड्डाणासाठी गागारिन राखीव अंतराळवीर होते. ते यान उतरताना छत्री नीट उघडली नाही आणि त्यांचे मित्र कोमारोव्ह मृत्यू पावले. गागारिन यांना पुन्हा अंतराळात जाता आले नाही. २७ मार्च १९६८ रोजी सरावाचे विमान कोसळून त्यांचा अंत झाला. तेव्हा ते अवघे चौतीस वर्षांचे होते.