मनगटावरचा पिएर क्युरी

पाणबुड्यांच्या घड्याळावर लेख लिहायचा आणि तोही धाराशिवात बसून! आपल्याकडं उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, गावोगाव टँकर फिरतात. तरी माझ्याकडं असं एक घड्याळ आहे. मामानं दिलेलं, १९८०च्या दशकातलं डिजिटल कॅसिओ. त्यावर २०० मीटर असं लिहिलंय. सेल बदलायला झाकण उघडलं, आतले भाग बघितले आणि त्यांचा माग काढत मी ज्या माणसापर्यंत पोचलो, तो १९०६ सालीच वारला होता. त्याचं नाव पिएर क्युरी.

तुम्ही म्हणाल, हे तर मादाम क्युरींचे यजमान, रेडियमवाले. त्यांचा घड्याळाशी काय संबंध? संबंध आहे, आणि एक नाही, दोन आहेत.

पिएरचा जन्म १५ मे १८५९ला पॅरिसमध्ये झाला. वडील डॉक्टर. पोरगं आपल्याच तंद्रीत राहणारं, म्हणून त्याला शाळेत घातलंच नाही. शिक्षण घरीच झालं. तरी सोळाव्या वर्षी तो विद्यापीठाच्या प्रवेशाची परीक्षा पास झाला आणि अठराव्या वर्षी पदवीधर. पुढं लगेच डॉक्टरेट करायला घरी पैसे नव्हते. मग सोरबॉन विद्यापीठात प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी धरली. थोरला भाऊ जॅक हाही असाच सहायक.

१८८०मध्ये या दोघा भावांनी एक साधा दिसणारा प्रयोग केला. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक. त्याची ठरावीक दिशेनं चकती कापली, दाबली, तर तिच्या दोन बाजूंवर वीजभार आला. दाब वाढवला तसा भारही वाढला. पुढच्याच वर्षी लिपमन या शास्त्रज्ञानं गणितानं दाखवलं, की उलटही घडलं पाहिजे. वीज दिली तर स्फटिकानं आकार बदलला पाहिजे. भावांनी तेही करून बघितलं, आणि खरंच तसं झालं. यालाच आपण पिझोइलेक्ट्रिसिटी म्हणतो. मेसमध्ये गॅस पेटवायचा जो टक्‌ वाजणारा लायटर असतो ना, त्यात हाच खेळ आहे. फक्त तिथं क्वार्ट्झऐवजी सिरॅमिक असतं.

पिएर तेव्हा एकवीस वर्षांचा होता. आपल्याकडं व्हायवाला एक्स्टर्नल हमखास विचारतात, याचं ॲप्लिकेशन काय? तोच प्रश्न तेव्हा या भावांना कुणी विचारला असता, तर अगदी सूक्ष्म वीजभार मोजणारं एक उपकरण एवढंच त्यांना दाखवता आलं असतं.

१८८२मध्ये पिएर पॅरिसच्या एका नव्या औद्योगिक भौतिकी-रसायन विद्यालयात रुजू झाला. म्हणजे जवळपास आपल्यासारखंच कॉलेज. तिथं त्यानं २२ वर्षं काढली. पगार बेताचा, स्वतःची धड प्रयोगशाळा नाही. त्यातच चुंबकत्वावर काम केलं. तापवत गेलं की एका ठरावीक तापमानाला लोखंडाचं चुंबकत्व जातं, त्या तापमानाला आज क्युरी टेंपरेचर म्हणतात. या कामावर १८९५मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी पोलंडहून शिकायला आलेल्या मारियाशी लग्न झालं, आणि जोडी सायकलवर फिरायला निघाली!

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यातला एक दुवा सहसा कुणी सांगत नाही. मेरीला युरेनियमच्या खनिजातून येणाऱ्या किरणांमुळं हवेत वाहणारा अतिशय बारीक विद्युतप्रवाह मोजायचा होता. तो मोजला कशानं? दोघा भावांच्या त्याच क्वार्ट्झच्या उपकरणानं. म्हणजे १८९८मध्ये पोलोनियम आणि रेडियमचा जो शोध लागला, त्याचा माग दाखवला तो १८८०च्या त्या बिनउपयोगी स्फटिकानं.

१९०३च्या नोबेलसाठी आधी मेरीचं नावच नव्हतं. पिएरला ते कळलं, तेव्हा त्यानं कळवलं, की या कामाचा विचार होणार असेल तर तिच्यासकटच व्हावा. रेडियम वेगळं काढण्याच्या पद्धतीचं पेटंटही दोघांनी घेतलं नाही. रेडियमचा परिणाम बघायला पिएरनं ते स्वतःच्या दंडावर बांधून घेतलं. जी जखम झाली ती बरी व्हायला कित्येक आठवडे लागले.

१९ एप्रिल १९०६ला पावसात रस्ता ओलांडताना तो मालवाहू घोडागाडीखाली सापडला आणि जागीच गेला. वय अवघं ४६. मनासारखी प्रयोगशाळा मिळायची राहूनच गेली.

आता घड्याळाकडं येऊ. पाण्याखाली अंधार असतो, म्हणून पाणबुड्यांच्या जुन्या काट्यांच्या घड्याळांत आकडे चमकवायला रेडियमचा रंग लावत. हा पहिला संबंध, आणि तो दुःखद आहे. अमेरिकेतल्या कारखान्यांत हा रंग लावणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. त्यातल्या कितीतरी जणी आजारी पडून मेल्या. पुढं हा रंग बंद झाला. आपल्याकडं मात्र नाव उरलं: नंबरप्लेटवरच्या चमकत्या पट्टीला आपण अजून रेडियमच म्हणतो. तिच्यात रेडियमचा कणसुद्धा नसतो.

दुसरा संबंध माझ्या घड्याळाच्या पोटात आहे. एका चिमुकल्या धातूच्या नळीत क्वार्ट्झचा तुकडा असतो, दोन पायांच्या नादकाट्यासारखा कापलेला. सर्किट त्याला वीज देतं, तो थरथरतो. थरथरला की उलट वीज देतो. सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा. हाच आकडा का? कारण तो दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा फ्लिप-फ्लॉपनी तो निम्मा निम्मा करत आणला, की शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो. तो मोजून आकडे एलसीडीवर उमटतात. एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो, म्हणून बाजूला एक मिणमिणता दिवा. झालं रेडियमचं काम! हा नादकाटा साधारण २५ अंशांना सगळ्यात बिनचूक चालतो. आपल्या ४२ अंशांच्या उन्हाळ्यात घड्याळ दिवसभर तसंच टेबलावर तापलं, तर ते एखाद सेकंद मागं पडायचं.

राहिलं पाणी. पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे २०० मीटरला वीस पट जादा दाब. तो अडवते झाकणाखालची एक बारीक रबरी रिंग आणि बटणांच्या दांड्यांवरच्या तसल्याच रिंगा. रबर वयानुसार कडक होतं, म्हणून जुन्या घड्याळावर २०० मीटर लिहिलंय म्हणून ते घालून सरळ विहिरीत उडी मारू नका राव! आधी रिंगा बदला, दाबाची चाचणी करून घ्या. आणि पाण्यात बटणं दाबू नका.

क्वार्ट्झचं पहिलं घड्याळ १९२७मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झालं. मनगटावरचं पहिलं विक्रीला आलं ते २५ डिसेंबर १९६९ला, जपानच्या सेकोचं. तोवर पिएरला जाऊन ६३ वर्षं झाली होती.

ज्या रेडियमनं त्याला नोबेल दिलं ते घड्याळांतून कायमचं गेलं. आणि पोरवयात भावाबरोबर, उपयोग माहीत नसताना केलेलं काम आज जगभर कोट्यवधी मनगटांवर चालू आहे. तेव्हा मित्रांनो, प्रोजेक्ट करताना ॲप्लिकेशन जरूर शोधा. पण नाही सापडलं, तरी रीडिंग मात्र नीट घ्या. पिएर आणि जॅकनं तेवढंच केलं होतं.