विश्लेषण : फोनमधले ‘कुलूप’ आणि भास्कराचार्यांची दोन गणिते, एक सोपे, दुसरे अवघड का?

कोऱ्हाळे बुद्रुक (ता. बारामती) येथील किराणा दुकान असो की मुंबईतला मॉल, क्यूआर कोड स्कॅन केला की दोन-तीन सेकंदांत पैसे जातात. उसाचे बिल जमा झाले का, हेही हल्ली बँकेच्या अ‍ॅपवरच पाहिले जाते. त्या दोन-तीन सेकंदांत तुमचा फोन आणि बँकेचा सर्व्हर आपापसांत एक गुप्त किल्ली ठरवतात आणि तीही उघड्या रस्त्यावर. मधला माणूस सगळे ऐकू शकतो, पण किल्ली काढू शकत नाही. कारण काही गणिते एका बाजूने सोपी आणि उलट बाजूने अतिशय अवघड आहेत, असे मानले जाते. ‘मानले जाते’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. तसे कोणीही अजून सिद्ध केलेले नाही.

या कुलपात लागणारे एक सोपे गणित आणि ज्यावर पुढे कुलूप उभारण्याचा प्रयत्न झाला असे एक अवघड गणित, ही दोन्ही ११५० मध्ये एकाच माणसाच्या ग्रंथात आली. तो माणूस म्हणजे भास्कराचार्य.

कोण होते भास्कराचार्य?

जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. आपले गाव सह्याद्रीच्या पायथ्याचे विज्जडविड, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. काही अभ्यासक हे गाव म्हणजे विजापूर मानतात, तर अनेक जण जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. पाटणच्या बाजूने सर्वात वजनदार पुरावा म्हणजे तिथला शिलालेख. त्याच्याकडे शेवटी येऊ.

घराणे विद्वानांचे होते. वडील महेश्वर ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरूही. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे ११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, पंचांगकर्त्यांना हाताशी धरता येईल असा ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला.

लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला, लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट घरोघरी माहीत आहे. ती गोड आहे, पण भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती कुठेही नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, तिथून ती पसरली. ग्रंथात खरोखर आहेत ते भुंगे, हंस, साप आणि मोर यांच्यावरचे हिशोब. शाळकरी पोराला गोडी लागावी असेच ते रचले आहेत.

सोपे गणित : कुट्टक

लीलावतीत एक प्रश्न आहे. २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळवले की १९५ ने निःशेष भाग जातो? उत्तर ५. (२२१ गुणिले ५ अधिक ६५ म्हणजे ११७०, आणि १९५ सक ११७०.) अशा प्रश्नांची रीत म्हणजे कुट्टक. कुटणारा, बारीक करणारा. आर्यभटांनी ती ४९९ मध्येच दिली होती. भास्कराचार्यांनी ती उदाहरणांसह इतकी नीट मांडली की पुढची कित्येक शतके विद्यार्थी त्यांच्याकडूनच शिकले.

आता १९७७ मध्ये जगासमोर आलेली ‘आरएसए’ ही पद्धत पाहा. दोन मूळ संख्या निवडायच्या, समजा ११ आणि १७. त्यांचा गुणाकार १८७ जगजाहीर करायचा. सोबत ७ हा आकडाही जाहीर करायचा. ही झाली सार्वजनिक किल्ली. खासगी किल्लीसाठी ११ आणि १७ मधून एकेक वजा करून गुणायचे : १० गुणिले १६ म्हणजे १६०. मग ७ ला कशाने गुणले की १६० ने भागून बाकी १ उरते, ते शोधायचे. हा थेट कुट्टकाचा प्रश्न. १६० ला ७ ने भागा, भागाकार २२, बाकी ६. ७ ला ६ ने भागा, भागाकार १, बाकी १. आता उलटे मागे या : २२ गुणिले १ अधिक १ म्हणजे २३. पडताळा : ७ गुणिले २३ म्हणजे १६१. खासगी किल्ली २३.

संख्या शेकडो अंकी झाल्या तरी ही रीत फोनवरही क्षणात संपते. मग चोराला ती का जमत नाही? कारण त्याच्याकडे १६० नसतो. तो मिळवायचा तर १८७ चे अवयव पाडावे लागतात. १८७ चे कोणीही पाडेल. पण प्रत्यक्षात ती संख्या सहसा ६१७ अंकी असते आणि तिचे अवयव पाडण्याची वेगवान रीत साध्या संगणकासाठी आजवर कुणाला सापडलेली नाही.

अवघड गणित : ६१ चा हट्ट

बीजगणितात भास्कराचार्यांनी वर्गप्रकृतीचा प्रश्न घेतला. एखाद्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच यावा, अशी संख्या शोधा. शेजारच्या ६० साठी उत्तर ४ आहे (६० गुणिले १६ अधिक १ म्हणजे ९६१, ३१ चा वर्ग). ६२ साठी ८. आणि ६१ साठी? २२,६१,५३,९८०. त्यातून येणारा दुसरा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा. एकेक आकडा तपासत बसणारा इथे दमून जाईल.

भास्कराचार्यांनी वापरली ती चक्रवाल रीत. तिची सुरुवात त्यांच्याआधीच्या गणितज्ञांची, पाया ब्रह्मगुप्तांचा. कल्पना अशी की अचूक उत्तराऐवजी थोडी चूक असलेले उत्तर घ्यायचे आणि चूक लहान ठेवत फेऱ्या मारायच्या. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ ने जास्त. पुढच्या फेरीत ३९ चा वर्ग १५२१, तो ६१ गुणिले २५ पेक्षा ४ ने कमी. चूक ४ वर आली की ब्रह्मगुप्तांच्या जोडणीने थेट उत्तरावर उडी मारता येते. फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून नेमका हाच ६१ चा प्रश्न घातला. त्याला अर्थातच बीजगणिताची कल्पना नव्हती.

तरीही आकडा मोठा झाला की चक्रवालही थकते. उत्तर इतके लांबते की ते लिहायलाच जागा पुरत नाही. हाच अवघडपणा हेरून बुखमन आणि विल्यम्स या गणितज्ञांनी १९८९ मध्ये याच गणिताच्या कुळातील किल्ली-देवाणघेवाणीची पद्धत सुचवली. ती बाजारात रुळली नाही.

गोम कुठे आहे?

चक्रवाल दरवेळी उत्तरापर्यंत पोहोचतेच, हे भास्कराचार्यांनी सिद्ध केलेले नाही. ते काम म्हैसूरचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९ च्या सुमारास केले. म्हणजे पावणेआठशे वर्षे रीत सिद्धतेविना चालली. पण तिथे फसवणुकीला वाव नव्हता. उत्तर आले की गुणाकार करून कोणीही पडताळू शकत होते.

कुलपाचे तसे नाही. ‘वेगवान रीत नाहीच’ हे पडताळायचे कसे? आजवर कुणाला जमले नाही, एवढेच सांगता येते. १९७७ मध्ये आरएसएच्या कर्त्यांनी १२९ अंकी संख्या फोडण्याचे आव्हान दिले, तेव्हा तिला कोट्यवधी वर्षे लागतील असा अंदाज होता. १९९४ मध्येच ती फुटली, कारण रीती सुधारल्या आणि इंटरनेटवरून शेकडो संगणक एकत्र आले. त्याच वर्षी पीटर शोर यांनी दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर अवयव पाडणे अवघड उरणार नाही. २००२ मध्ये शॉन हॉलग्रेन यांनी वर्गप्रकृतीच्या प्रश्नाचेही तेच केले. म्हणूनच अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये वेगळ्याच गणितावर उभी नवी मानके जाहीर केली. त्या गणिताचा अवघडपणाही सिद्ध झालेला नाही, तो मानलेलाच आहे.

पाटणचा दगड

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ वंशाच्या सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला दान दिले. ही नोंद असलेला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्यात घराण्याची वंशावळ संस्कृतमध्ये आहे. दानाचा तपशील मात्र त्या काळच्या मराठीत, म्हणजे बाजारातल्या माणसाला कळेल असा : पाटणला जो माल विकला जाईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा यापुढे मठाला.