तिसरे उमेदवार : चिंतामणराव देशमुख

जुलै १९६९ मध्ये बंगळूरच्या लालबागेतील काचमहालात काँग्रेस महासमितीचे अधिवेशन भरले. त्याच वेळी याच शहरात पक्षाच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींची इच्छा डावलून राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डी यांचे नाव निश्चित केले. झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर राष्ट्रपतिपदाची धुरा सांभाळणारे व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून उभे राहिले. पुढे काँग्रेस दुभंगली, हे सर्वज्ञात आहे. या लढतीत चिंतामण द्वारकानाथ देशमुख हेही प्रमुख उमेदवार होते, याचे स्मरण मात्र महाराष्ट्रातही थोड्यांनाच असेल.

देशमुखांचा जन्म १८९६ साली महाडजवळील नाते या गावी झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले. संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. केंब्रिजला निसर्गविज्ञानाचा अभ्यास करून ते आय.सी.एस. झाले आणि मध्य प्रांत व वऱ्हाडात रुजू झाले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळात ते होते. १९५० ते १९५६ ही वर्षे ते केंद्रीय अर्थमंत्री होते. मुंबई केंद्रशासित करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले. सत्ता हातात असताना तत्त्वासाठी ती सोडणारे सनदी अधिकारी विरळाच.

१९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी त्यांना पुढे केले, आणि तेवढ्यावरून ते उजव्यांचे उमेदवार ठरले. हा शिक्का मला अन्यायकारक वाटतो. रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली तेव्हा गव्हर्नर देशमुखच होते. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, ते त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळात. त्या जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण करून स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या गटाने या इतिहासाकडे काणाडोळा केला. त्यांना मध्यममार्गी म्हणणेच वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

मग त्यांच्यामुळे मते फुटली काय? आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदार पसंतिक्रम लिहितो; त्याचा उमेदवार बाद झाला तरी पुढच्या पसंतीचे मत जिवंत राहते. याच तरतुदीवर भिस्त ठेवून काँग्रेसाध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले आणि रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मागितली. ही भेटच इंदिरा गटाच्या हाती आयते शस्त्र ठरली. विवेकबुद्धीनुसार मतदानाच्या हाकेला त्यामुळे धार आली.

मतदान १६ ऑगस्टला झाले, मोजणी २० ऑगस्टला. मतमूल्यानुसार पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. विजयासाठी ४,१८,१६९ मते हवी होती. इतर सर्व उमेदवार बाद होऊन त्यांची मते वाटली गेल्यावर रेड्डींच्या पारड्यात ९१,८७९ ची भर पडली, गिरींच्या केवळ १८,५६२ ची. साधारण अकरा हजार मते पुढची पसंती नसल्याने गळाली. अंतिम आकडे होते गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

म्हणजे देशमुखांच्या पाठीराख्यांनी बहुतांशी रेड्डींनाच हात दिला. रेड्डींचे नुकसान झाले ते त्यांच्याच पक्षातील मते गिरींकडे गेल्याने. थेट बहुमताच्या पद्धतीत देशमुखांवर मतविभाजनाचे खापर फोडता आले असते. येथे तो आरोप टिकत नाही. ते रिंगणात नसते, तर त्यांच्या मतदारांपैकी किती जण रेड्डींकडे गेले असते आणि किती जणांनी मतदानच टाळले असते, हे आकड्यांवरून कळत नाही.

पराभवाने देशमुखांच्या प्रतिष्ठेला ढळ पोहोचला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी आधीच भूषविले होते. पत्नी दुर्गाबाई आणि ते, दोघांनाही १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्या वेळी राष्ट्रपती होते फखरुद्दीन अली अहमद, बंगळूरच्या बैठकीत इंदिरा गांधींच्या बाजूने उभे राहिलेले. १९७७ मध्ये रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी देशमुखांचे हैदराबादेत निधन झाले, रेड्डींनी राष्ट्रपती भवन सोडल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी.