पंडित अयोथीदास : नाकारलेली ओळख, स्वीकारलेला धम्म

पंडित अयोथीदास यांचा जन्म १८४५ साली मद्रास इलाख्यातील परैयर समाजात झाला. ते सिद्ध वैद्य आणि तमिळ विद्वान होते. तरुणपणी त्यांनी निलगिरीत अद्वैत सभा काढली. सर्वांत एकच ब्रह्म, मग भेद कसला, अशी त्यांची श्रद्धा होती. पण १८९२ मध्ये मद्रास महाजन सभेत त्यांनी मंदिरप्रवेश मागितला, तेव्हा सवर्णांनी तो धुडकावला. श्रद्धा एक असूनही माणूस मात्र बाहेरच राहिला.

१८९८ मध्ये ते कर्नल ऑल्कॉट यांच्यासोबत श्रीलंकेला गेले आणि बौद्ध झाले. परतल्यावर त्यांनी मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. १९०७ पासून त्यांनी साप्ताहिक चालवले. आपले पूर्वज बौद्धच होते, अस्पृश्यता नंतर लादली गेली, हा विचार त्यांनी त्यातून मांडला. १९१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ५८ वर्षे आधीची ही गोष्ट. मित्रांनो, जनगणनेत आपण ‘बौद्ध’ लिहितो. पण लग्न ठरवताना पोटजात विचारत असू, तर आपण फक्त ओळख बदलली, विचार नाही.