सरखेल कान्होजी आंग्रे : आरमारातील एका पदाची कहाणी

अहिल्यानगर शहराला लागून असलेले भिंगार समुद्रापासून पुष्कळ दूर आहे. लष्करी छावणीचे गाव म्हणून ते सर्वांना परिचित आहे. परंतु मराठ्यांच्या आरमाराच्या इतिहासाला मोठी कलाटणी देणारी घटना याच ठिकाणी घडली. मार्च १७०७ मध्ये भिंगारच्या तळावर औरंगजेबाचा अंत झाला. त्याचा देह खुलदाबादला नेण्यात आला आणि मोगलांच्या छावणीत बालपणापासून कैदेत असलेल्या शाहू महाराजांची काही आठवड्यांतच सुटका झाली. मराठ्यांच्या राज्यात दोन गाद्यांचा वाद उभा राहिला. त्या वेळी कोकणच्या किनाऱ्यावर एका आरमारी अधिकाऱ्यापुढे अवघड प्रश्न येऊन ठाकला. तो अधिकारी म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. महाराजांचे आरमार तेव्हा उभे राहत होते. दौलतखान आणि मायनाक भंडारी यांच्यासारखी माणसे त्याचे नेतृत्व करीत होती. आरमारात वर चढण्याचा मार्ग लाटांमधूनच जाई. त्यासाठी वेगळी शाळा नव्हती, परीक्षाही नव्हती. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी अशा दर्यावर्दी समाजांतील मुलगा खलाशी म्हणून गलबतावर चढे. वारा, भरती-ओहोटी आणि खडकांची जागा अंगवळणी पडली की त्याच्यातून तांडेल, सारंग तयार होत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, अशी व्यवस्था सांगितली आहे. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, अन्यथा व्यापाऱ्यांना उपद्रव होईल, असा सावधगिरीचा विचारही त्यात आहे. या उतरंडीच्या शिखरावर सरखेल, म्हणजे आरमाराचा मुख्य अधिकारी.

कान्होजींची उमेदवारी हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर गेली. संभाजी महाराजांच्या वधानंतर राज्य खिळखिळे झाले होते आणि जंजिऱ्याचा सिद्दी किनाऱ्यावरील किल्ले गिळू पाहत होता. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूला मिळण्याच्या बेतात असता कान्होजींनी त्याला कैद करून किल्ला राखला, अशी हकिकत इतिहासकारांनी नोंदवली आहे. पुढे सरखेल सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर, १६९८ च्या सुमारास, आरमाराची सूत्रे कान्होजींच्या हाती आली. तिशीच्या आतबाहेरच्या या माणसाला ते पद वारशाने मिळाले नव्हते. संकटकाळात दाखवलेल्या हिमतीचे ते फळ होते.

१७०७ नंतरच्या भाऊबंदकीत कान्होजी महाराणी ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठवले. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. लोहगड, राजमाचीही त्यांच्या ताब्यात गेली. साताऱ्यावर चालून येण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी होते. अशा वेळी, नोव्हेंबर १७१३ मध्ये, श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. त्यांनी तलवारीऐवजी बोलणी पसंत केली. मराठी राज्य दुभंगलेले राहिले तर सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज या तिघांचेच फावणार, हे किनाऱ्यावर आयुष्य काढलेल्या कान्होजींना ठाऊक होते. १७१४ च्या आरंभी समेट झाला. कान्होजींनी शाहू महाराजांचा पक्ष स्वीकारला, पिंगळ्यांना मुक्त केले. सरखेलपद कायम होऊन दहा जंजिरे आणि सोळा किल्ले त्यांच्याकडे राहिले. ज्या राणीची चाकरी केली तिला सोडण्याचा हा निर्णय सोपा नव्हता. तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दूरगामी निर्णय ठरला.

कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने सरखेलांचे दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजांनी तो मानला नाही आणि त्यांना चाचा ठरवले. वस्तुतः आपल्या सागरी हद्दीत परवाना मागणे हा राज्याचाच अधिकार होता. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची नौका कान्होजींच्या हाती लागली, तेव्हा इंग्रजांना तह करून सुटका करून घ्यावी लागली. पुढे गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्ग आणि खांदेरीवर मोहिमा काढल्या, त्या फसल्या. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या चार युद्धनौका आणि पोर्तुगीजांची फौज मिळून कुलाब्यावर चालून आली. बाजीराव पेशव्यांचे सैन्य मदतीला धावले, पोर्तुगीजांनी स्वतंत्र तह केला आणि मोहीम बारगळली. १७१४ च्या समेटाचे मोल त्या दिवशी कळले. १७२४ मध्ये डचांनाही विजयदुर्गापुढे हात हलवत परतावे लागले. उथळ खाड्यांत शिरणारी वेगवान गलबते आणि किल्ल्यांच्या तोफांचा आधार ही कान्होजींची खरी ताकद होती. उत्तम गोलंदाज मिळावेत म्हणून त्यांनी युरोपीय माणसेही चाकरीस ठेवली.

४ जुलै १७२९ रोजी अलिबागेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत त्यांचा पराभव करणे कोणत्याही परकीय सत्तेला जमले नाही. परंतु कर्तृत्वाने मिळवलेले पद त्यांच्या पश्चात वारशाचे झाले. ज्येष्ठ पुत्र सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि संभाजी व मानाजी या भावांत वितुष्ट आले. पेशव्यांनी दौलतीची वाटणी केली; मानाजींकडे कुलाबा, संभाजींकडे विजयदुर्ग आणि सरखेलपद. एकसंध आरमाराची दोन घरे झाली. पुढे सरखेल झालेल्या तुळाजींचे पेशव्यांशी बिनसले आणि पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या पाण्यात तुळाजींचे आरमार जळून खाक झाले. परक्यांना अर्धशतकाहून अधिक काळ जे साधले नव्हते, ते घरच्या कलहाने साधून दिले.

स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला आंग्रे हे नाव दिले. त्या तळावर आज रुजू होणारा अधिकारी निवड, प्रशिक्षण आणि बढतीच्या ठरलेल्या पायऱ्या चढून आलेला असतो. त्याचे पद त्याच्या मुलाकडे जात नाही. कान्होजींच्या मागे त्यांच्या आरमाराला नेमकी हीच व्यवस्था लाभली नाही. सुवर्णदुर्गावरच्या तरुण कान्होजींना जशी संधी मिळाली, तशी ती पुढच्या पिढीतील एखाद्या कर्तबगार सारंगालाही मिळती, तर विजयदुर्गाच्या पाण्यातली ती आग कदाचित टळली असती.