सरोवराचा काठ राखणारे मि. वार्ड

अमेरिकेंतील शिकागो शहर मिशिगन नांवाच्या सरोवराच्या काठीं वसलेलें आहे. ह्या सरोवराचें पाणी गोड, पण विस्तार एवढा कीं पैलतीर दिसत नाहीं. लाटा थोपविण्याकरितां तेथें दगडी बांध घातलेले आहेत. त्यांवर कामकरी माणसें, म्हातारे व मुलें गळ टाकून पर्च जातीचे मासे धरतात. एप्रिलच्या थंड रात्रीं स्मेल्ट नांवाच्या लहान माशांकरितां जाळीं लावतात. मोठ्या माणसांस सरकारी परवाना लागतो. पण काठावर बसूं द्यावें म्हणून कोणा जमीनदाराची विनवणी करावी लागत नाहीं. ही मोकळीक आपोआप आलेली नाहीं. ती राखण्यासाठीं जे झटले त्यांत ॲरन माँटगोमेरी वार्ड हे प्रमुख होत.

त्यांचा जन्म न्यू जर्सी प्रांतांत चॅटम गांवीं झाला. घरची गरिबी असल्यामुळें चौदाव्या वर्षींच ते कामास लागले. पिपांच्या फळ्यांच्या कारखान्यांत व विटांच्या भट्टीवर त्यांनीं मजुरी केली. पुढें फिरते विक्रेते असतां खेड्यांतील शेतकऱ्यांस किती जबर भाव द्यावा लागतो हें त्यांनीं पाहिलें. तेव्हां टपालानें मागणी घेऊन माल थेट शेतकऱ्यांस पाठवावा असें त्यांनीं ठरविलें. जमविलेला पहिला माल १८७१ सालच्या शिकागोच्या मोठ्या आगींत जळाला. तरी न खचतां त्यांनीं १८७२ सालीं १६३ जिनसांची एकपानी यादी छापून धंदा सुरू केला. तो भरभराटीस आला.

आतां काठाची हकीकत ऐका. १८३६ सालीं कालव्याच्या कमिशनरांनीं जमिनी विकतांना सरोवरालगतचा एक पट्टा सर्व लोकांकरितां सदैव मोकळा राहावा व तेथें इमारत होऊं नये, असें नकाशावर लिहून ठेविलें होतें. पुढें आगगाडीच्या कंपनीनें किनाऱ्यासमोर पाण्यांत बांध घातला, व आगीनंतरचा ढिगारा त्याच्या आंत लोटल्यामुळें जमीन वाढली. तेथें झोपड्या उठल्या, कचरा सांचला, आणि शहराचे कारभारी इमारतींचे बेत करूं लागले. वार्ड ह्यांची पेढी समोरच होती. नकाशावरील शब्दांचा आधार घेऊन त्यांनीं १८९० सालीं शहरावर फिर्याद केली.

हा झगडा १९११ पर्यंत चालला. विरोधकांचे बेत सगळेच वाईट नव्हते. मार्शल फील्ड ह्या धनाढ्य व्यापाऱ्यानें पदार्थसंग्रहालयासाठीं ८० लक्ष डॉलर ठेविले होते, व तें त्याच जागीं व्हावें अशी पुष्कळांची इच्छा होती. वार्ड आपल्या खिडकीपुढील देखाव्यासाठीं लोकहिताच्या आड येतात, अशी त्यांची निंदा झाली. पण एका चांगल्या इमारतीस वाट दिली म्हणजे दुसरीस नाहीं म्हणतां येत नाहीं, हें ते जाणून होते. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें चार वेळां त्यांच्या बाजूनें निकाल दिला. संग्रहालय दक्षिणेस नव्या भरावावर बांधलें गेलें व १९२१ सालीं उघडलें. म्हणजे लोकांस संग्रहालयही मिळालें आणि मोकळी जागाही उरली. ती जागा म्हणजे आजचें ग्रँट पार्क होय.

वार्ड ७ डिसेंबर १९१३ रोजीं वारले. त्यांनीं राखला तो काठाचा एकच तुकडा. पण शहराचा बहुतेक काठ आज सार्वजनिक आहे.

वाचकहो, गांवचें गायरान व पाणवठा हीं सर्वांचीं असतात, म्हणून पुष्कळदां त्यांस राखणारा कोणीच नसतो. नकाशावर हक्क लिहिलेला होता तो चौपन्न वर्षें. पण कोणी तो कागद हातीं घेऊन उभा राहिला, तेव्हांच त्याचा उपयोग झाला.