दुष्काळातल्या पोरींची आई : केडगावच्या पंडिता रमाबाई

केडगाव (ता. दौंड) : पुणे-दौंड रेल्वेलाईनवरचं केडगाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यानं येणारी शिरूरकडची मंडळीही इथूनच जातात. इथलं 'मुक्ती मिशन' सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते उभं करणाऱ्या बाईंची सगळी कहाणी नव्या पिढीतल्या फार थोड्यांना माहीत असते. ५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. त्यानिमित्त त्यांच्या कामाची ही ओळख.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. तरी ते मागे हटले नाहीत. लहानग्या रमेला आईनंच शिकवलं. हे कुटुंब पुराण सांगत गावोगाव पायी हिंडायचं. पुढं दुष्काळ पडला आणि उपासमारीत आई-वडील गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास दोघंच उरले. दुष्काळ काय असतो, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. पुढचं सगळं काम समजून घ्यायचं तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

बहीण-भाऊ हिंडत हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन या तरुण मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. थोड्याच काळात भाऊ वारला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वेगळ्या जातीच्या बंगाली वकिलाशी लग्न केलं. मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. पण लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आतच पती कॉलऱ्यानं गेले. तेविशीच्या आसपासचं वय, पदरात तान्ही पोर आणि वैधव्य.

१८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन केला. सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं साक्ष देताना बायकांसाठी बाई शिक्षक आणि बाई डॉक्टर हव्यात, अशी मागणी त्यांनी केली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथं ख्रिस्ती झाल्या. पुढं अमेरिकेत व्याख्यानं देऊन, पुस्तक लिहून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. याच पुढं महर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. सदन पुण्याला हलवल्यावर मुलींना ख्रिस्ती केलं जातंय म्हणून १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी मात्र धर्मही सोडला नाही आणि शाळाही बंद केली नाही.

शाळेला कायमचं उत्पन्न मिळावं म्हणून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. तिथं फळबाग करायचा बेत होता. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं मरणाऱ्या, वाऱ्यावर पडलेल्या शेकडो पोरींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून या पोरींना केडगावच्या शेतावरच ठेवावं लागलं. फळबागेच्या जागी मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांना रोज जेवायला घालायचं म्हणजे खेळ नव्हता. रमाबाईंचा कस इथं लागला. नुसतं अन्नछत्र चालवलं तर दुष्काळ सरल्यावर या पोरी पुन्हा रस्त्यावर येतील, हे त्या ओळखून होत्या. म्हणून विहिरी पाडल्या, शेती केली. गाई पाळल्या, तेलघाणा आणि हातमाग बसवले, छापखाना घातला. शिवण, स्वयंपाक, रुग्णसेवा, शिक्षकी पेशा, ज्या पोरीला जे जमेल ते शिकवलं. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवली. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन' वेगळं काढलं. इथं शिकलेल्या मुलीच पुढं इथल्या शिक्षिका आणि देखरेख करणाऱ्या झाल्या.

त्या काळी चर्चमध्ये बाईला पाळकपद मिळत नव्हतं. पण केडगावात प्रार्थना घेणं, उपदेश करणं, आजाऱ्याजवळ बसणं, हे पाळकाचं सगळं काम त्यांनी केलं. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिथल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. त्यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. धर्मांतराबद्दल ज्याचं त्याचं मत वेगळं असू शकतं. पण या पोरी जेव्हा भुकेनं मरत होत्या, तेव्हा त्यांना हाताला धरून घरी आणणारी माणसं किती होती, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

उतारवयात त्यांना ऐकू कमी येऊ लागलं. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर त्यांनी पुरं केलं. त्याची छपाई केडगावातच मुक्तीतल्या बायांनी केली. १९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. काम पुढं नेणारी मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली. त्यानंतर वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावातच शेवटचा श्वास घेतला.

त्यांना जाऊन शंभर वर्षं झाली, त्याच २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. शंभर वर्षांनंतरही असा ठराव करावा लागतो, यावरून काम किती बाकी आहे ते कळतं. नवरा गेल्यावर एकट्या पडलेल्या बाया शिरूर-दौंडच्या गावागावांत आजही आहेत. त्यांच्या नावावर जमीन लागते का, हाताला काम मिळतं का, हळदी-कुंकवाला त्यांना बोलावलं जातं का, हे गावानं पाहायला हवं. रमाबाईंचं स्मरण करायचं तर सुरुवात तिथूनच करता येईल.